बियाण्याचं धान

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवापुढेही नाही. मी पीत नाही — प्यायलो असतो तर कदाचित एव्हाना कुणाला तरी कळलं असतं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि कारण आता गप्प राहिलो तर माझ्या मुलीचं दुसऱ्यांदा नुकसान होईल. पहिल्यांदाचं तर होऊनच गेलं आहे. ते मीच केलं.

सरळ सांगता येत नाही. फिरत फिरतच येईन.

बालाघाटला माझं बियाण्याचं दुकान आहे. खैरलांजीकडे थोडी शेती आहे, तिथे मी धानाचा बियाण्याचा प्लॉट घेतो. लांजीपासून बैहरपर्यंतचे लोक माझ्याकडून बियाणं नेतात, कारण माझ्या बियाण्यात करगा निघत नाही. करगा म्हणजे धानात आपोआप उगवणारं रानटी धान. दिसायला अगदी धानासारखंच असतं, पण दाणा पिकायच्या आतच गळून जातो. ज्याला बियाणं करायचं त्याला पाण्यात उतरून करग्याचं एकेक झाड हाताने उपटावं लागतं. हे काम मी लहानपणापासून करतो. वाकून धानाची रांग बघितली की यातलं कोणतं ठेवायचं आणि कोणतं काढायचं, ते मला लगेच दिसतं. मला त्याचा गर्व होता. बी तसं पीक — हे मी गिऱ्हाइकाला इतक्या वेळा सांगितलं, की माणसांबद्दलही मला तेच खरं वाटायला लागलं.

माझी मुलगी पल्लवी आता एकवीस वर्षांची आहे. मुलगा आयुष बारा वर्षांचा.

पल्लवी चालायला लागली त्याच सुमारास तिच्या हाताची बोटं सुजली. मी समजलो काहीतरी चावलं. मग ताप, मग रात्रंदिवस रडणं. सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं तेव्हा कळलं — सिकलसेल. माझ्या आणि मंदाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, दोघांच्याही रक्तात तो दोष अर्धा अर्धा होता. अर्धा असला तर माणसाला आयुष्यभर पत्ता लागत नाही. दोघांचे दोन अर्धे मुलाच्या वाट्याला आले की आजार होतो. आमच्या भागात हा आजार पुष्कळ. आता लोक लग्नाआधी रक्त तपासून घेतात. आमच्या वेळी फक्त पत्रिका पाहिली होती. फार छान जुळली होती.

सिकलसेलचं दुखणं कसं असतं, तुम्ही पाहिलं आहे का? थंडी पडली, अंग भिजलं, पाणी कमी प्यायलं, एवढं पुरतं. मग हाडांच्या आतून दुखतं. बाहेरून काहीच दिसत नाही. पोरगी भिंतीकडे तोंड करून पडते आणि उशीचा कोपरा दातात धरते. आपण पाय दाबायला गेलो तर म्हणते, "हात नका लावू, बाबा." मग काय करायचं बापाने? मी बाहेर ओट्यावर जाऊन बसायचो. मंदा आत बसायची. मी नेहमी बाहेरच बसायचो — हेही आता सांगूनच टाकतो.

दुसरं मूल नकोच, असं आम्ही ठरवलं होतं. पण नागपूरला एका दवाखान्यात कळलं, की गर्भ आधी बाहेर तयार करून, तो तपासून, मग पोटात ठेवता येतो. आजारी असेल तो ठेवायचाच नाही. मंदा घाबरली होती. मी नव्हतो. मला ते सगळं ओळखीचं वाटलं. हे तर माझंच काम. आधी बघायचं, मग पेरायचं.

खर्चाचं सांगत बसत नाही. ते सगळं कधीच फिटलं.

गर्भांचे नमुने तपासणीला बाहेरगावी गेले होते. निकाल आल्यावर डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की काही गर्भ आजारी आहेत, काही माझ्यासारखे अर्धे, आणि एक मात्र पूर्ण निर्दोष आहे. मी तेव्हा काय विचारलं असेल? मी विचारलं, "मॅडम, यात रंग, उंची, डोकं हेपण बघता येते का?" मुलगा की मुलगी, तेही आडून विचारून पाहिलं. त्या एकदम कडक झाल्या. ते विचारायचं नाही, म्हणाल्या, गुन्हा आहे. मग म्हणाल्या, "आजार टाळायला आलात ना? तेवढं आम्ही केलं. बाकीचं घरी घडवा."

घरी घडवा! मला वाटलं, ही बाई टाळते आहे. मला वाटलं, हेही तंत्र येईलच कधीतरी, आपण थोडे लवकर जन्मलो. आता मोबाईलवर रोज दाखवतात — गर्भातच दोष कापून काढतील, डोळ्यांचा रंग ठरवतील, हुशारी ठरवतील. दुकानात पोरं मला विचारतात, होईल का हो असं? होईल की. कोणतं मूल निवडायचं यावर लोक खूप बोलतात. पण निवडायच्या आधीच घरात जे मूल असतं, त्याच्याकडे आपण मग कसे बघायला लागतो, याबद्दल मी कुणाला बोलताना ऐकलं नाही. मला ते माहीत आहे. मी तसं बघितलं आहे.

आयुष झाला. गुटगुटीत, तापसुद्धा न येणारा. पावसात भिजला तरी हसायचा. मी त्याला खांद्यावर घेऊन वैनगंगेच्या पुलावर जायचो आणि भेटेल त्याला सांगायचो. एकदा दुकानात लांजीकडचे एक जुने गिऱ्हाईक बसले होते. मी त्यांना रंगात येऊन सांगत होतो, की पहिल्या पिकाला रोग लागला, म्हणून दुसऱ्या वेळी बी तपासून पेरलं. पल्लवी तिथेच पोत्यावर बसून पाकिटांना दोरा बांधत होती. अकरा-बारा वर्षांची असेल. तिने मान वर न करता विचारलं, "म्हंजे मी करगा आहो का, बाबा?"

गिऱ्हाईक हसले. मीही हसलो. म्हणालो, "नाही वं, तू तर आपलं चिन्नोर." चिन्नोर म्हणजे आमच्याकडचं सगळ्यांत नावाजलेलं सुवासिक धान.

"चिन्नोर भी हवा आली की आडवंच पडते," ती म्हणाली.

सगळे पुन्हा हसले. तीसुद्धा. पोरगी बोलण्यात अशी आहे. मी ते त्याच दिवशी विसरलो. ती विसरली नसावी, कारण पुढे कित्येकदा, दुखणं उतरल्यावर, उठून बसताना ती मंदाला म्हणायची, "उठलं बाप्पा तुझं चिन्नोर."

आयुषला कुणी घडवलं, ते मला सांगायचंच आहे. मी नाही घडवलं. तीन वर्षांचा झाला तरी तो बोलत नव्हता. तपासून घेतलेल्या बियाण्यात खोट निघाली की काय? मी त्याचे कान तपासले, टाळू तपासली, सगळं ठीक होतं. पल्लवीने काय केलं? दुखण्यात पडल्या पडल्या तिने त्याचा चेंडू आपल्या चादरीखाली लपवला. तो हात पुढे करायचा, ऊं-ऊं करायचा, रडायचा. ही देईचना. मी रागावलो, देऊन टाक म्हणालो. म्हणाली, "मागू द्या त्याले." कितीतरी दिवस चाललं ते. आणि एक दिवस तो तिच्या कानाजवळ तोंड नेऊन म्हणाला, "दे." तो त्याचा पहिला शब्द.

पुढे अक्षरं तिने शिकवली, पाढे तिने शिकवले. शाळेत तो सगळ्यांशी हिंदीत बोलतो, मराठी वाचायला तिच्याकडेच शिकला. खोटं बोलला तर ती दिवसभर अबोला धरायची, मी मात्र हसण्यावारी न्यायचो. तो गणितात पहिला आला तेव्हा मी दुकानात पेढे वाटले आणि म्हणालो, "बी चांगलं आहे." ती काउंटरमागेच बसली होती. पाकिटांना दोरा बांधत राहिली.

आता जवळ आलो आहे.

आयुष पाच वर्षांचा होता, पल्लवी चौदाची. नागपूरला एका संस्थेचं शिबिर होतं. सिकलसेलच्या मुलांचे भाऊ-बहीण तपासून देत होते — फुकट. भावाच्या हाडातला गाभा, ज्याला बोन मॅरो म्हणतात, तो बहिणीशी जुळला, तर तो तिच्या अंगात घालून आजार मुळापासून जाऊ शकतो. दोघांच्या गालातून कापसाने नमुना घेतला. येताना गोंदियापर्यंत रेल्वेत आयुष खिडकीशी बसून सगळ्यांना गाल दाखवत होता, इथून घेतलं म्हणून. तो तेव्हापासून आजवर माझ्या डोळ्यांपुढे आहे, तो फुगवलेला गाल.

जुळावं म्हणून आम्ही आयुषला निवडलं नव्हतं. तेवढं तेव्हा पाहिलंच नव्हतं. फक्त आजार नसलेला निवडला होता. जुळणं न जुळणं नशिबावर होतं.

काही आठवड्यांनी फोन आला. मी प्लॉटमध्ये होतो, घोटाभर पाण्यात, डाव्या हातात उपटलेल्या करग्याची जुडी. डॉक्टर म्हणाले, "भाऊ, तुमचा मुलगा आणि मुलगी पूर्ण जुळतात. असं सगळ्यांच्या नशिबात नसतं. लवकर या. मुलगी लहान आहे तोवर केलेलं बरं."

मी विचारलं, मुलाला काय करावं लागेल? त्यांनी नीट सांगितलं. भूल देऊन त्याच्या कमरेच्या हाडातून थोडा गाभा काढतात, दोन-चार दिवस दुखतं, आणि काढलेलं शरीर पुन्हा भरून काढतं. त्याला काही होणार नाही — हे त्यांनी मला वेगळं सांगितलं, मी न विचारता. खर्चाला संस्था मदत करेल, हेही सांगितलं. पल्लवीला धोका असतो, पण तो त्या वयात कमी असतो, हेसुद्धा. त्यांनी माझ्यासाठी एकही सबब शिल्लक ठेवली नाही.

मी "कळवतो" म्हणालो.

मग मी बांधावर बसलो. आमच्याकडे एक रीत आहे. बियाण्यासाठी राखलेलं धान खायचं नाही. बांबूच्या ढोलीत भरून, वरून शेणामातीने लिंपून टाकतात, आणि घरात काही नसलं तरी ती ढोली फोडायची नाही. उपाशी झोपावं, पण बियाणं मोडू नये, असं म्हणतात. बांधावर बसून मी नेमकं हेच घोकत होतो. एक लेकरू आधीच गेल्यासारखं आहे. एकच निर्दोष आहे. त्या एकाच्या हाडात सुई घालायची? काही झालं तर? दोन्ही हातचं जाईल. राखलेलं मोडायचं नाही — बस, एवढंच डोक्यात होतं. आधीच गेल्यासारखं आहे! चौदा वर्षांची जिवंत पोरगी, घरी माझी वाट बघत असलेली — तिच्याबद्दल मी हा हिशेब केला.

घरी गेलो. मंदा चुलीपाशी भाताचं पातेलं उतरवत होती. पल्लवी दारातच उभी होती. तिने तोंडाने विचारलंसुद्धा नाही, नुसतं बघितलं.

मी म्हणालो, "नाही जुळलं."

मंदाने पातेलं खाली ठेवलं. मग म्हणाली, "देवाच्या मनात नसन." पल्लवीने विचारलं, "बिलकुलच नाही?" मी म्हणालो, बिलकुल नाही. किती सहज आलं ते तोंडात! मी तर बाजारात साधं पोतंसुद्धा खोटं मापत नाही.

डॉक्टरांचा पुन्हा फोन आला. मी सांगितलं, मुलीची आई तयार होत नाही. हे मंदाच्या नावावर टाकलं, जिला काहीच माहीत नव्हतं, जी रात्र रात्र पोरीजवळ बसली होती. ते मंदाशी बोलायचं म्हणाले. नंतर मी त्यांचा फोन उचलणं बंद केलं.

हे आहे ते. हेच सांगायचं होतं. आता सांगून झालं, तर संपायला हवं — पण संपत नाही, कारण घरात खोटं एकदाच बोललो तरी ते तिथेच राहायला आलं.

मी नाही जुळलं म्हणालो, त्याच संध्याकाळी आयुषने पल्लवीला विचारलं होतं, "दीदी, मैं फेल हो गया क्या?" मी पलीकडच्या खोलीत होतो. ती म्हणाली, "तू पासच आहे रे. पेपरच दुसरा होता." तो हसला नाही. त्यानंतर तो पोरगा बदलला, हे मला दिसत होतं. हिवाळ्यात शाळेतून आला की दप्तर टाकायच्या आधी तिची गरम पाण्याची पिशवी भरायचा. तिची पाण्याची बाटली रिकामी झाली की भरून तिच्यासमोर उभा राहायचा, ती पिईपर्यंत. मित्र खेळायला बोलवायला आले की आधी तिच्या तोंडाकडे बघायचा. आठेक वर्षांचा असताना मोटारसायकलवर माझ्यामागे बसून, पाठीला तोंड लावून त्याने विचारलं, "पापा, मेरे में क्या खराबी थी?"

ज्याच्यात काही खराबी नाही म्हणून मी त्याला सगळ्यांतून वेचला, तो मला हे विचारत होता. मी म्हणालो, नीट धरून बस.

पल्लवीची बारावी दुखण्यात गेली. मग उजव्या खुब्याचं हाड आतून झिजत गेलं — रक्त पोचत नाही म्हणून. आता ती पाय ओढत चालते. बी. ए. बाहेरून करते. दुपारी माझा डबा घेऊन दुकानात येते आणि संध्याकाळपर्यंत बसते. गिऱ्हाईक माझ्याआधी तिला विचारतात. उकव्याच्या मँगनीज खाणीतला एक कामगार परसबागेसाठी भाजीचं बी न्यायला येतो, तो मी असलो तरी थांबून राहतो, म्हणतो, ताईलेच येऊ द्या. ती बोलते तशी मला गिऱ्हाइकाशी बोलता येत नाही. हे तिच्यात कुठून आलं? बियाण्यातून? माझ्यातून तर नाही. मी तिला काय दिलं म्हणून सांगू?

यंदा आयुषच्या विज्ञानाच्या बाईंनी वर्गात रक्त, गाभा, भाऊ-बहीण यांबद्दल काही शिकवलं. तेव्हापासून त्याने एकच धरलं, पुन्हा तपासायचं. मी म्हणालो, एकदा नाही म्हटलं की नाही. मी आवाज चढवला. त्याच्यावर मी कधी आवाज चढवत नाही, म्हणून मंदाने माझ्याकडे वळून बघितलं. पल्लवी म्हणाली, त्याच्या मनाचं समाधान होते तर जाऊ ना बाबा. मला नाही म्हणायला कारणच उरलं नाही. या वेळी दवाखाना दुसरा, डॉक्टर दुसरे. निकालाला आम्ही चौघे गेलो.

पूर्ण जुळतं, डॉक्टर म्हणाले.

आयुष खुर्चीतून उठला. ओरडला नाही, नाचला नाही. त्याने नुसता पल्लवीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "मिल गया, दीदी." मंदा रडत होती. रडता रडताच म्हणाली, "म्हंजे तवाची मशीन चुकली होती." डॉक्टर म्हणाले, अशी चूक सहसा होत नाही, पण जुनं काही पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेव्हा गेलो होतो मीच, फोनही मलाच आला होता. दार उघडं होतं. मला फक्त बोलायचं होतं.

मी म्हणालो, "चुकली असन."

म्हणजे पहिलं खोटं मी घरात मंदा आणि पल्लवीसमोर बोललो, दुसरं फोनवर डॉक्टरांशी, आणि हे तिसरं चौघांसमोर.

डॉक्टरांनी पुढचं सांगितलं. आताही करता येईल, पण लहानपणी जितका धोका असता त्यापेक्षा आता जास्त आहे. खुबा परत येणार नाही. मात्र पुढची पडझड थांबेल. या महिन्यात ठरवा. ते "लहानपणी केलं असतं तर" म्हणाले तेव्हा मी माझ्या चपलांकडे बघत होतो.

आणि आता पल्लवी नाही म्हणते आहे.

धोक्याला घाबरून नाही, एवढं दुखणं काढलेली पोरगी ती. तिचं म्हणणं वेगळं आहे. परवा जेवताना ती मंदाला म्हणाली, "एकदा चुकले ना ते? मंग आता भी चुकले असतीन तर? पोराच्या हाडात सुई घालाची, अन् मंग म्हणाचं सॉरी, मशीनची गलती होती?" पुन्हा तपासून घेऊ, मंदा म्हणाली. तर म्हणते, किती वेळा आस लावाची त्या पोराले? एकदा फेल म्हणलं, एकदा पास म्हणलं, आता राहू द्या. आयुष ताटावरून उठून गेला. ती माझ्याकडे वळली. "तुमी सांगा बाबा. तुमचं काय म्हणणं आहे? तुमाले भरवसा वाटते का?"

मी म्हणालो, विचार करून सांगतो.

तुम्हाला कळतंय ना, मी कुठे उभा आहे? तिला ज्या मशीनवर भरवसा नाही, ती कधी चुकलीच नव्हती. दोन वेगळ्या दवाखान्यांनी, इतक्या वर्षांच्या अंतराने, एकच उत्तर दिलं आहे. हे जगात फक्त मला माहीत आहे. मी सांगितलं तर तिची शंका मिटेल, मग करायचं की नाही ते ती खऱ्यावर ठरवेल. पण मी सांगितलं तर ती हेही जाणेल, की तिच्या खुब्याचं हाड कुणामुळे गेलं. आयुष जाणेल, की त्याच्यात कधीच खराबी नव्हती, त्याच्या बापाने ती त्याला चिकटवली. मंदा जाणेल, की तिच्या नावावर काय खपवलं गेलं. घरात माझ्यासाठी काय उरेल? हे मी परवापासून मोजतो आहे. पुन्हा माझंच मोजतो आहे, बघा.

आणि अजून एक राहिलं. हे लिहायला बसलो तेव्हा सांगायचं नाही असं ठरवलं होतं.

बियाण्याचं धान मोडायचं नाही, ही रीत मी वर सांगितली. वाचताना तुम्हाला वाटलं असेल, बिचारा, रीतीत अडकला. तसं नाही. मी सहा-सात वर्षांचा असताना मला मुदतीचा ताप आला होता. खाल्लेलं पोटात ठरत नव्हतं, वैद्याने फक्त तांदळाची पेज द्यायला सांगितली होती, आणि घरात खायचं धान संपलेलं होतं. माझ्या आईने दुपारी, बाबा शेतावर असताना, खुरप्याने ढोलीचं लिंपण फोडलं. बियाण्याचं धान उखळात कांडलं आणि मला पेज पाजली. रोज पाजली, मी उठून बसेपर्यंत. बाबांनी संध्याकाळी फुटलेली ढोली पाहिली. चपला काढल्या, हातपाय धुतले, माझ्या कपाळाला हात लावला. पेरणीच्या वेळी शेजाऱ्याकडून बियाणं मागून आणलं. पुढे कितीतरी वर्षांनी, माझ्या लग्नात, कुणीतरी ती गोष्ट काढली तेव्हा ते हसून म्हणाले, "बी गावात भेटते. पोरगं कुठं भेटते?"

मी त्याच पेजेवर जगलो आहे.

त्या दिवशी बांधावर, हातात करग्याची जुडी घेऊन बसलो असताना, मला हे आठवलं नव्हतं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. आठवलं होतं. आईचं ते खुरपंसुद्धा आठवलं होतं. तरी मी उठलो, घरी गेलो आणि नाही जुळलं म्हणालो.

दुपार झाली आहे. गिऱ्हाईक नाही. आयुष शाळेत आहे. पल्लवीला बसायला मी खुर्ची आत, पंख्याखाली ओढून ठेवली आहे, एरवी ती पोत्यावर बसते. ती काय म्हणेल, माझ्याशी पुन्हा बोलेल की नाही, ते तिचं. माझं काही मागणं नाही.

रस्त्यावर तिचा पाय वाजतो आहे. एक पाऊल पडतं, दुसरं घासत येतं. दुकानाच्या पायऱ्यांशी ती नेहमी थोडी थांबते, डबा या हातातून त्या हातात घेते. आता थांबली आहे. वर आली, बसली, की मी तिला सांगणार आहे, मशीन चुकली नव्हती.